अपघातात गेलेला दात, खचलेले हाड आणि नवे दंतमूळ

दुचाकीच्या अपघातातून वाचून मुलगा घरी परतला की वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, "जीव वाचला, परमेश्वराची कृपा! दातांचे नंतर पाहू." हा उद्गार स्वाभाविक आहे आणि त्यात कृतज्ञताही आहे. डोक्याला लागलेला मार, मोडलेला पाय, टाके, रुग्णालयाचे बिल, पोलिसांपुढील जबाब, या सगळ्यांत समोरचे दोन दात ही किरकोळ बाब वाटते. वर्ष-दोन वर्षे अशीच निघून जातात. मुलगा हसताना तोंडावर हात ठेवू लागतो, छायाचित्र काढताना ओठ मिटून घेतो, नोकरीच्या मुलाखतीला जाताना संकोचतो. पुढे केव्हातरी लग्न ठरते आणि साखरपुड्याच्या पंधरा दिवस आधी सारे कुटुंब दंतवैद्याकडे जाऊन म्हणते, "डॉक्टर, इम्प्लांट बसवून द्या." डॉक्टर तपासतात, एक्स-रे काढतात आणि सांगतात, दात बसवायला हाडच उरलेले नाही.

हे हाड गेले कोठे, ते परत आणता येते काय, त्याला किती काळ लागतो, आणि मुळात ते जाऊ नये म्हणून अपघाताच्या दिवशीच काय करता आले असते, हे आपल्या वऱ्हाडातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे यासाठी हा लेखनप्रपंच. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका सुमारे १०५ तासांत डांबरीकरण करून पूर्ण करण्यात आली आणि तिची जागतिक विक्रमात नोंद झाली. रस्ता चांगला झाला याचा आनंदच आहे. परंतु चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो, आणि आपल्याकडे अनेक जण केवळ डोक्यावर टोपीसारखे बसणारे अर्धे हेल्मेट वापरतात. ते कवटीचे रक्षण करते, जबड्याचे नाही. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट घेतले तर या लेखातील बऱ्याच गोष्टींची गरजच पडणार नाही.

दाताबरोबर हाडही जाते

आपल्या जबड्याच्या हाडाचे दोन भाग कल्पावेत. एक खालचा भक्कम पाया आणि दुसरी त्या पायावरची, दातांच्या खोबणी धारण करणारी कड. ही कड दातांबरोबर तयार होते, दातांसाठी जगते आणि दात गेले की झिजू लागते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि खोबण यांच्यामध्ये असंख्य सूक्ष्म तंतूंचे एक अस्तर असते. घास चावताना येणारा दाब हे तंतू हाडापर्यंत पोहोचवितात व त्या दाबामुळेच हाड सजीव आणि भरीव राहते. दात निघून गेला की हा दाब थांबतो आणि शरीर, ज्याचा उपयोग उरला नाही त्या हाडाचा संसार हळूहळू आवरते.

हळूहळू म्हटले खरे, पण ही क्रिया आपल्याला वाटते तितकी हळू नसते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाढा व उपदाढा काढलेल्या रुग्णांची वर्षभर पाहणी केली. एका वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटली, आणि त्या घटीतील सुमारे दोन तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच घडून आला. येथे दात शांतपणे, साधने वापरून काढलेले होते. अपघातात दात उखडला जातो तेव्हा त्याच्या बाहेरील, म्हणजे ओठाकडील हाडाची भिंत पुष्कळदा दाताबरोबरच तुटते. वरच्या समोरच्या दातांपुढील ही भिंत अनेकांमध्ये एक मिलिमीटर जाडीचीही नसते. म्हणून मार लागून गेलेल्या दाताच्या जागी पडणारा खळगा साध्या काढलेल्या दातापेक्षा अधिक खोल असतो. वरचा ओठ तेथे आत ओढल्यासारखा दिसतो, आणि तरुण माणूस एका बाजूने वयस्क भासू लागतो. "दातांचे नंतर पाहू" या वाक्याची खरी किंमत ही आहे.

पहिला तास

जखमी व्यक्ती बेशुद्ध असेल, तिला उलट्या होत असतील, श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा कानातून रक्त येत असेल तर दातांचा विचार बाजूला ठेवून प्रथम रुग्णालय गाठावे, हे सांगावयास नको. परंतु व्यक्ती शुद्धीवर असेल तर सोबतच्यांपैकी एकाने पडलेला दात शोधावा. दात सापडला नाही तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तो ओठाच्या जखमेत रुतलेला किंवा क्वचित श्वासावाटे फुप्फुसात गेलेला असू शकतो, आणि त्यासाठी छातीचा एक्स-रे काढावा लागतो.

सापडलेला कायमचा दात त्याच्या पांढऱ्या, चावण्याच्या भागाकडून धरावा. मुळाला बोट लावू नये, ते घासू किंवा पुसू नये. मुळावर चिकटलेला ओलसर थर म्हणजेच ते तंतू, आणि दात पुन्हा रुजेल की नाही हे त्यांच्या जिवंतपणावर ठरते. माती लागली असल्यास दुधाने किंवा क्षणभर थंड पाण्याच्या धारेखाली धुऊन, धीर होत असेल तर दात तेथल्या तेथे खोबणीत बसवावा आणि स्वच्छ रुमाल दातांखाली धरून रुग्णालय गाठावे. हे जमत नसेल तर दात दुधात ठेवावा. महामार्गावरील चहाच्या प्रत्येक टपरीवर दूध मिळते, ही आपल्याकडची मोठीच सोय आहे. दूध नसेल तर रुग्णाने स्वतःच्या लाळेत तो ठेवावा. कागदात गुंडाळून खिशात ठेवलेला कोरडा दात तासाभरात मरतो.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात एक गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. दात सलाईनमध्येही ठेवता येतो असे वाचून कोणी विहिरीचे खारे पाणी वापरू नये. सलाईन हे ठरावीक प्रमाणातले निर्जंतुक मीठपाणी असते, विहिरीचे पाणी तसे नसते. दूधच बरे.

दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण त्याच्या खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. खेड्यांत हापशीचा दांडा तोंडावर बसून लहान मुलांचे दात पडण्याचे प्रसंग घडतात. तेथे हा फरक लक्षात ठेवावा. साधारणतः सहा-सात वर्षांनंतर समोर येणारे मोठे दात कायमचे असतात.

धारणी-चिखलदऱ्याकडील बंधू-भगिनी विचारतील की आम्हाला तासाभरात दंतवैद्य कोठून मिळणार? दात खोबणीत बसविण्याचे काम ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर किंवा अनुभवी परिचारिकाही करू शकते. पुढे शहरात गेल्यावर दंतवैद्य तो शेजारच्या दातांना बारीक तारेने सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतात. हाडाची भिंतही मोडली असेल तर हा काळ चार आठवड्यांपर्यंत जातो. प्रौढांमध्ये बहुधा दोन आठवड्यांच्या आत त्या दाताचे रूट कॅनाल सुरू करावे लागते. ही भेट चुकवू नये. अन्यथा बसविलेला दातच आतून सडू लागतो व मूळ विरघळते.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. दात तासाभराहून अधिक काळ कोरडा राहिला, त्याचे तंतू मेले, तरी पुष्कळदा तो परत बसविण्याचाच सल्ला दिला जातो. असा दात कायमचा टिकत नाही. तो हाडाशी एकजीव होतो आणि काही वर्षांत हाड त्याचे मूळ गिळून टाकते. परंतु तेवढी वर्षे तो आपली जागा आणि हाड राखून ठेवतो. वाढत्या वयाच्या मुलासाठी ही राखण अमोल असते.

दात चुरडला गेला असेल, मिळालाच नसेल, तर त्याच सुमारास दंतवैद्यांना एक प्रश्न विचारावा, "खोबण राखण्यासाठी तीत हाडाचे कण भरता येतील काय?" रिकाम्या खोबणीत असे कण भरून वर पडदा लावला तर झीज पूर्ण थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. पुढे होणारी मोठी शस्त्रक्रिया यामुळे कधी लहान होते, कधी टळते.

कलम

वेळ निघून गेली, हाड खचले. आता काय? येथे अस्थिरोपणाचा, म्हणजे हाडाच्या कलमाचा विषय येतो.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, तर टायटॅनियम धातूचे कृत्रिम दंतमूळ. समोरच्या दातासाठी त्याची जाडी साडेतीन ते चार मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच्या पुढे व मागे, विशेषतः ओठाच्या बाजूला, दीड-दोन मिलिमीटर निरोगी हाड हवे. म्हणजे कडेची रुंदी सहा-सात मिलिमीटर तरी असावी. अपघातानंतर दोन वर्षांनी आलेल्या तरुणात ती कधी तीन, कधी चार मिलिमीटरच भरते. साध्या एक्स-रेमध्ये उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा त्रिमिती स्कॅन काढतात. असा स्कॅन न काढता, केवळ बोटाने चाचपून कोणी अपघातग्रस्त जागेत इम्प्लांट बसवू म्हणाले तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणीव थोडी असेल तर इम्प्लांट बसवितानाच बाजूला हाडाचे कण भरून, त्यावर विरघळणारा पडदा पसरून काम भागते. उणीव मोठी असेल तर आधी कलम आणि काही महिन्यांनी इम्प्लांट, असे दोन टप्पे करावे लागतात. अशा वेळी रुग्णाच्याच खालच्या जबड्यातून, अक्कलदाढेच्या मागच्या बाजूने किंवा हनुवटीतून हाडाचा लहान तुकडा काढून तो खचलेल्या जागी बारीक स्क्रूंनी घट्ट बसवितात. हनुवटीचे हाड घेतल्यास खालच्या समोरच्या दातांना किंवा ओठाला काही काळ बधिरता येऊ शकते. याची कल्पना आधी द्यावयास हवी. अपघातात अनेक दात आणि जबड्याचा मोठा भागच गेला असेल तर कमरेच्या हाडातून कलम घेतात. ती शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते व काही दिवस चालताना दुखते.

वरुड-मोर्शीकडील वाचकांना कलम शब्द नवा नाही. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरला की तोच डोळा फुटतो, वाढतो आणि फळ देतो. हाडाच्या कलमाचे मात्र थोडे निराळे आहे. बसविलेले हाड स्वतः फारसे वाढत नाही. आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुने हाड कणाकणाने विरघळते आणि त्याच आकारात रुग्णाचे स्वतःचे नवे हाड तयार होत जाते. म्हणजे कलम हे घर बांधताना उभारलेल्या परांचीसारखे असते. या कामाला चार ते सहा महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. पैसे अधिक दिल्याने किंवा डॉक्टरांना आग्रह केल्याने ते लवकर होत नाही.

या काळात कलमावर दाब पडता कामा नये. जुनी काढता-घालता येणारी कवळी पूर्वीसारखी घातली तर ती खालचे हाड दाबून कलम वाया घालवू शकते. म्हणून ती आतून घासून घ्यावी लागते. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत जाते व नंतर उतरते, त्याने घाबरू नये. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ओठ वर करून टाके दाखविण्याचा मोह मात्र टाळावा. टाके तुटण्याचे ते एक ठरलेले कारण आहे. ज्वारीची भाकरी काही आठवडे बाजूला ठेवून मऊ भात, वरण, खिचडी यांवर राहावे.

हाड कोणाचे?

रुग्णाचे स्वतःचे हाड हे सर्वोत्तम मानले जात असले तरी ते मर्यादित असते आणि त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. म्हणून अन्य प्रकारही वापरतात. गाईबैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून, त्यातील सर्व सेंद्रिय भाग काढून टाकून केलेले कण; कारखान्यात तयार केलेले कॅल्शियमचे क्षार; आणि मृत दात्यांनी दिलेले मानवी हाड. पडदेही पुष्कळदा गाय किंवा डुक्कर यांच्यापासून मिळविलेल्या कोलॅजनचे असतात. आपल्या हिंदू वा मुस्लिम शेजाऱ्यांपैकी कोणाला यापैकी काही चालणार नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पदार्थाचे नाव व उगम विचारणे हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे. विचारले नाही तर पुष्कळदा सांगितले जात नाही.

मृत दात्याच्या हाडासंबंधी आपल्या महाराष्ट्रातच चांगले काम झाले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. संमतीने मिळालेल्या हाडाची रोगजंतूंसाठी तपासणी होते, ते गोठवून कोरडे केले जाते व गॅमा किरणांनी निर्जंतुक करून शस्त्रवैद्यांना पुरविले जाते. जबड्याच्या शस्त्रक्रियांतही ते वापरले जाते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन ऊतींचाही त्यात समावेश करण्यात आला.

"मेलेल्या माणसाचे हाड तोंडात कसे चालेल?" असा प्रश्न भाविक कुटुंबात उठतो, म्हणून दोन शब्द. जोब व्हान मीकेरेन या डच शस्त्रवैद्याच्या १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक ऐकीव हकिगत आहे. रशियातील एका सरदाराच्या फुटलेल्या कवटीत कुत्र्याचे हाड बसविले गेले, त्याबद्दल तेथील चर्चने त्याला बहिष्कृत केले, आणि त्याने ते काढून टाकण्याची विनंती केली तेव्हा ते इतके जुळून आले होते की काढता येईना! ही हकिगत किती खरी हे सांगणे कठीण असले तरी त्या काळचे भय तीतून दिसते. कॅथोलिक ख्रिस्तसभेची भूमिका आज स्पष्ट आहे. पोप बारावे पायस यांनी १९५६ सालीच नेत्रपटलाच्या दानासंबंधी बोलताना मृतदेहातून ऊती देण्यात मृताचा अनादर नाही असे मत मांडले, आणि संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'एव्हान्जेलिउम व्हिते' या विश्वपत्रात नीतिमान मार्गाने केलेल्या अवयवदानाचा गौरव केला. संमतीने दिलेले हाड स्वीकारण्यात संकोचाचे कारण नाही.

नवे दंतमूळ

स्वीडनचे डॉ. पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे १९५२ साली सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर काढायला गेले तर ती निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. दुसरा कोणी वैतागला असता. त्यांनी त्यातून एक नवे शास्त्र उभे केले. १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी अशी मुळे बसविली, आणि ती त्या रुग्णाला चाळीस वर्षे, अखेरपर्यंत पुरली. आज योग्य रुग्णांमध्ये बसविलेल्या इम्प्लांटपैकी शंभरात नव्वदहून अधिक दहा वर्षांनंतरही टिकून असतात.

कलम पक्के झाल्यावर जागा बधिर करून, हाडात हळू वेगाने छिद्र पाडून हे मूळ बसवितात. छिद्र पाडताना सतत थंड सलाईनची धार सोडली जाते, कारण हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर राहिले तरी त्यातील पेशी मरू लागतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ज्या आकड्याच्या आसपास घुटमळतो, तोच हा आकडा! त्यानंतर हाडाने धातूला धरून ठेवण्यासाठी पुन्हा दोन-तीन ते सहा महिने थांबावे लागते. मग हिरडीला आकार देऊन, माप घेऊन वरची कॅप बसते. कलमापासून कॅपपर्यंत नऊ महिने ते एक वर्ष, कधी त्याहून जास्त. 'तीन दिवसांत पक्के दात' अशा जाहिराती आपण पाहतो. हाड शाबूत असलेल्या निवडक रुग्णांत तशा पद्धती आहेत, हे खरे. ज्याच्या हाडाची भिंतच गेली आहे, त्याच्यासाठी त्या जाहिराती नव्हेत.

मुलांना इम्प्लांट का नको

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा दात कबड्डीत किंवा क्रिकेटच्या चेंडूने गेला की पालक उत्तमातले उत्तम म्हणून इम्प्लांटची मागणी करतात. येथे घाई घातक ठरते. इम्प्लांटभोवती तंतूंचे अस्तर नसते, म्हणून तो हाडात जेथे रोवला तेथेच राहतो. आजूबाजूचे दात मात्र वाढत्या जबड्याबरोबर खाली सरकतात. काही वर्षांनी इम्प्लांटचा दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड, वर अडकल्यासारखा दिसतो आणि तो दुरुस्त करणे फार अवघड असते. मुलींमध्ये साधारण सतरा-अठरा आणि मुलांमध्ये वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत थांबणे इष्ट. उंची वाढायची थांबली एवढ्यावर न विसंबता वर्षाच्या अंतराने एक्स-रे काढून वाढ थांबल्याची खात्री करतात.

तोवर काढता-घालता येणारा दात किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटविलेला पंखाचा दात वापरता येतो. हाडाशी एकजीव झालेला दात वाढीत अडथळा आणू लागला तर त्याचा वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे कड टिकून राहते. योग्य वयात मुलाचीच उपदाढ काढून समोरच्या जागी लावता येते, आणि ती मुलाबरोबर वाढते. आपल्याकडे खेळांची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. पण शाळेच्या मैदानावर दातांवर बसणारे रबरी कवच घातलेला खेळाडू अजून विरळाच दिसतो. दंतवैद्य ते तोंडाच्या मापाने करून देतात, आणि इम्प्लांटच्या तुलनेत त्याचा खर्च अगदीच थोडा असतो.

डॉक्टरांपासून लपवू नये असे

तंबाखू, गुटखा आणि आपल्या विदर्भाचा खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटणारे हात थांबलेले नाहीत. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि कलमाला रक्तच मिळत नाही. सुपारीने तोंडाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. दोन बोटे जेमतेम शिरतील एवढ्या तोंडात शस्त्रक्रियेची साधने जाणार कशी? ज्यांना सोडणे शक्य नाही त्यांनी कलमावर पैसा घालू नये, असे कठोर वाटले तरी लिहितो.

मधुमेह असल्यास तो आटोक्यात हवा. सिकलसेल विदर्भात पुष्कळ आढळतो. त्याची तपासणी झालेली असेल तर तिचा निकाल शस्त्रवैद्यांना अवश्य दाखवावा, कारण त्यात हाडाच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कर्करोगासाठी इंजेक्शने घेतली असतील, जबड्याला किरणोपचार झाले असतील, तर तेही सांगावे.

कोठे जावे, काय विचारावे

अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, अकोल्याजवळ डॉ. राजेश रामदासजी कांबे दंत महाविद्यालय आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि सावंगी मेघे येथील शरद पवार दंत महाविद्यालयही आपल्या आवाक्यात आहेत. अशा ठिकाणी जबड्याचे शस्त्रवैद्य आणि कृत्रिम दातांचे तज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात. अपघाताच्या गुंतागुंतीच्या रुग्णाला ही मोठीच सोय आहे, कारण कलम करणारा आणि दात बसविणारा यांनी आरंभीच एकत्र बसून विचार करावा लागतो. खासगी दवाखान्यात एका इम्प्लांटचा खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत जातो. जाहिरातीतल्या रकमेत कलम, पडदा, स्कॅन, तात्पुरता दात आणि वरची कॅप धरली आहे काय, हे लिहून मागावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्या उपचारातील कोणता भाग बसतो, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. जबडा मोडल्याचा उपचार आणि पुढचे इम्प्लांट या तेथे दोन वेगळ्या बाबी असतात.

अपघाताची कागदपत्रे जपून ठेवावीत. दात मोडणे किंवा निखळणे ही कायद्याने क्षुल्लक इजा नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने हाड व दात यांना एकाच वाक्यात बसवून त्यांचे मोडणे 'जबर दुखापत' ठरविले होते, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. पहिल्या दिवशीच्या तपासणीत दातांची नोंद नसेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे पुढील उपचाराचा खर्च मागताना अडचण येते. "दातांचे नंतर पाहू" म्हटल्यावर ही नोंदही राहून जाते.

जबडा मोडून तारेने बांधलेल्या व्यक्तीच्या घरच्यांनी धर्मगुरूंना तसे कळवावे. ज्याला ओस्ती गिळणे शक्य नाही त्याला केवळ द्राक्षरसाच्या रूपात ख्रिस्तशरीर-रक्ताचा स्वीकार करता येतो. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या ९२५ व्या कलमात अशी तरतूद आहे. कित्येकांना हे ठाऊक नसल्यामुळे ते महिना-दीड महिना कम्युनियनविना राहतात.

आणि इम्प्लांटच करावा असेही नाही. साठीच्या गृहस्थाचे शेजारचे दात आधीच कॅप घातलेले असतील तर तिघांना जोडणारा ब्रिज पुष्कळदा अधिक शहाणपणाचा ठरतो. चांगली बसलेली अर्धी कवळी ही काही लाजेची गोष्ट नव्हे. बावीस वर्षांच्या तरुणाचे शेजारचे दोन निरोगी दात घासून ब्रिज करणे मात्र नुकसानीचे आहे. तेथे कलम व इम्प्लांट यांची वाट पाहणेच बरे. इम्प्लांट झाला तर त्याच्या खोक्यावरील, कंपनीचे नाव व क्रमांक असलेले छोटे लेबल मागून घ्यावे व फाइलमध्ये चिकटवावे. पंधरा वर्षांनी पुण्यात किंवा आखातात त्याचा स्क्रू सैल झाला तर तेथील डॉक्टरला नेमका कोणता भाग मागवायचा हे त्याशिवाय कळत नाही. इम्प्लांट किडत नाही, पण त्याभोवतीची हिरडी सडू शकते. ब्रश, दोरा आणि दर सहा महिन्यांची तपासणी त्यालाही हवीच.

साखरपुड्याला पंधरा दिवस उरलेल्या त्या कुटुंबाचे काय? त्यांना डॉक्टर आठवडाभरात, शेजारच्या दातांच्या रंगाचा, काढता-घालता येणारा तात्पुरता दात करून देतील. कार्यक्रमात मुलगा मोकळेपणाने हसेल, छायाचित्रे चांगली येतील. कलमाची तारीख लग्नानंतरची घ्यावी, म्हणजे सुजलेल्या ओठाने वेदीपुढे उभे राहण्याची वेळ येणार नाही. मुलीकडच्या मंडळींना ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी. वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या होणार आहेत, आणि त्यांतील बऱ्याच फेऱ्यांना सोबत तिचीच असणार आहे.